सातच्या पोटातली रेघ

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार

सिमेंट कंपनीने दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. आज लिहायला घेतली, कारण मनातलं सांगावं असं इथे आखातात कोणी नाही आणि पोटात ठेवलं की मला जळजळतं.

लाईबाचा निकाह १७ मार्चला ठरला. गावाहून बायकोने, शरीफुन्निसाने, पत्रिकेचा नमुनाही पाठवला आहे. मुलीचा बाप म्हणून माझं नाव छापलंय, उबेद असं, म्हणजे आता मला जायलाच हवं. पण पासपोर्ट हाशिम शेठच्या कपाटात. इतकी वर्षं त्याच्या बांधकाम-सामानाच्या दुकानाचं स्टोअर सांभाळतोय, कधी एका खिळ्याचा फरक पडू दिला नाही. आज धीर करून रजा मागितली. शेठ म्हणाला, "इंशाल्ला." आता शेठ हा शब्द कुठल्या सुरात म्हणतो यावर सगळं असतं, आणि आजचा सूर मला कळला नाही.

वर एक नवीनच काम गळ्यात पडलं. शेठला लढाईतल्या जुन्या विमानांचा नाद. जनाबियाच्या त्याच्या बंगल्यामागे शेडमध्ये दोन मोठ्या पेट्या येऊन पडल्यात. आत जर्मन विमानाचे तुकडे, आफ्रिकेच्या वाळवंटातून भंगारवाल्यांनी उपसलेले. ईदनंतर एक म्हातारा जर्मन येणार आहे. तो एकेक तुकडा बघून कोणत्या विमानाचा ते सांगणार आणि पटलं तर विकत घेणार. तोवर मी सगळं मांडून, चिठ्ठ्या बांधून ठेवायचं. त्या विमानात जे बसले असतील त्यांचं काय झालं असेल, हे मनातून जात नाही. मेलेल्या माणसांच्या वस्तूंना हात लावायला मला नाही आवडत.

७ फेब्रुवारी

आज भलतंच सापडलं.

पेटीच्या तळाशी एक झाकण मिळालं. ताटाएवढं, ॲल्युमिनियमचं, पंखाच्या पोटात हात घालायला खिडकी असते ना, तिचं. बाहेरून वाळूने खरवडलेलं. उलटं केलं तर आतल्या बाजूला लाल तेलकट खडूने, इंग्रजी आकड्यांत, ठसठशीत: ७८६.

मी तिथेच बसलो. बिस्मिल्लाचा आकडा! आमच्याकडे रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर, लाईबाच्या पत्रिकेच्याही माथ्यावर हाच. आणि इथे तो शेडच्या फरशीवर, शेठच्या मांजराच्या वाटेत! भंगाराच्या ढिगावर आपल्याकडचा कोणी बिचारा कामगार असेल, त्याने बरकतीसाठी लिहिला असेल. पण पुढचं बघून डोकं फिरलं. कुणा हलकटाने सातच्या पोटातून आडवी रेघ मारली होती. खोडायला निघाला होता मेला. पुढे हिंमत झाली नसावी.

झाकण उचलून फळीवर उंच ठेवलं. पण जर्मन येणार, हाताळणार, जमिनीवर टाकणार. रमजानचे दिवस आणि हे माझ्याच नजरेला पडावं, यात काहीतरी इशारा आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

केलं. बरं केलं की वाईट, अल्ला जाणे.

गावी मक्तबात पाटीवर कलमा लिहायचो, तर ती धुतलेलं पाणी कधी गटारात सांडलं नाही. बाबा ते खाडीत सोडायला लावायचे. तोच रिवाज. रॉकेलने खडू चटकन निघाला असता, पण त्या आकड्याला रॉकेल लावायचं? शरीफुन्निसाने पाठवलेली आमसुलं कोमट पाण्यात भिजवली, काथ्या घेतला आणि बिस्मिल्ला म्हणून घासलं. ईदच्या आधी आमच्या घरी भांडी अशीच निघतात. खडू गेला, त्याखालचा राखी रंगही गेला आणि धातू असा लखलखला की मला आमची पितळी परात आठवली. ते लालसर पाणी बाटलीत भरलं.

समुद्रात सोडायला अरादला जायचं होतं. शेठचा ड्रायव्हर गुंडू पिकअप घेऊन त्या बाजूला निघालाच होता. गुंडू वेंगुर्ल्याकडचा, गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये माझ्याच खोलीत राहतो. वाटेत तपासणी. हल्ली दिवस बरे नाहीत, जिथे तिथे पोलीस, आणि माझ्या मांडीवर लाल पाण्याची बाटली! पोलिसाने खाली उतरवलं. "ये क्या है?" कसाबसा म्हणालो, "शरबत. इफ्तार." त्याने बूच काढलं, नाकाला लावलं, माझ्याकडे बघितलं. 'पिऊन दाखव' म्हणाला असता तर? रोजा तुटला असता आणि ते पाणी पिण्याचं नव्हतंच. आंबट वासाने त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने बाटली परत दिली. "यल्ला." म्हणजे चला, निघा.

गाडीत गुंडू हसून हसून लोळला. "चाचा, तुमचा त्वांड बघून माकाच संशय इलो. पोलिसाचा काय चुकला?"

अरादच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला पाणी सोडलं. लाट येऊन घेऊन गेली.

१२ फेब्रुवारी

शेठने झाकण बघितलं.

मी ओरडा खायच्या तयारीत उभा. त्याने ते उलटंसुलटं केलं, लखलखीत बाजूवरून बोट फिरवलं. "नंबर किधर गया?"

म्हणजे आकडा त्यालाही ठाऊक होता! मी सगळं सांगितलं, बिस्मिल्ला, आमसूल, समुद्र. शेठ ऐकत राहिला. "सेवन एट सिक्स? ये क्या है? हम को मालूम नहीं. तुम हिंदी लोग का कुछ है?" मला धक्काच बसला. इतका नमाजी माणूस, अरबी त्याची मायबोली, आणि ७८६ माहीत नाही!

मग त्याने दाराकडे बघितलं. "और कोई देखा? गुंडू? फोटो-बीटो?"

"नहीं शेठ. खाली मैं."

"गुड," शेठ म्हणाला. "व्हेरी गुड, उबेद."

आणि त्याने आत नेलं, इफ्तारसाठी म्हणून खजुराचा डबा हातात दिला आणि लाईबाच्या निकाहची चौकशी केली. तारीख त्याला पाठ होती. मी पुन्हा न सांगता.

एवढी वर्षं शेठने मला कधी खजूर दिला नाही. रागावला असता तर मला झोप लागली असती.

२० फेब्रुवारी, ईद

नमाज झाली. गुंडूने शेवया खाल्ल्या, दोनदा मागून. बूथवरून घरी फोन लावला. शरीफुन्निसा म्हणाली, "पोरी सारकी विचारते, बाबा येतांव का नाय. मी काय सांगू तिला?" मी इंशाल्ला म्हणालो. तिनेही सूर ओळखला असावा, कारण तिने लगेच मंडपवाल्याचा विषय काढला.

२२ फेब्रुवारी

जनाबियाला बोलावणं आलं. शेठने दार लोटून घेतलं.

"जर्मन आएगा. वो पूछेगा, साफ करने के पहले इधर क्या नंबर था. तुम बोलो, सिक्स वन फोर."

मला वाटलं शेठचं ऐकण्यात चुकलं. "शेठ, सेवन एट सिक्स था."

"तुम बुढ्ढा हो गया, उबेद." हसत म्हणाला, खांद्यावर हात ठेवून. "सिक्स वन फोर. बोलो."

मी बोललो. त्याने पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाला, "गुड. काम खलास, तो पासपोर्ट, टिकट, सब. इंशाल्ला." या वेळचा सूर मला अगदी स्वच्छ कळला.

रात्रभर विचार केला. शेठला चष्मा लागला असावा आणि अजून केलेला नसावा, त्यामुळे ६१४ वाचलं असेल. पण सात, आठ, सहा आणि सहा, एक, चार, यांत सारखं काय आहे? आणि त्या आकड्याचा जर्मनाला एवढा काय उपयोग? समजत नाही. समजून घ्यायची भीतीही वाटते. अन्नदाता आहे, त्याचं मन मोडू नये म्हणतात. एक आकडा तर बोलायचा. दुकानात गिऱ्हाइकाला 'माल उद्या येतोय' म्हणून मी कितीदा सांगतो, तेव्हा कुठे जीभ झडली?

पण तो आकडा बिस्मिल्लाचा सोडून दुसरा कुठला असता तर.

२६ फेब्रुवारी, सोमवार

जर्मन आला. लांगे त्याचं नाव. पांढराफटक, उंच, कमरेत वाकलेला. तरुणपणी विमानांचा फिटर होता. आता गावोगाव फिरून असले तुकडे ओळखतो. शेडमध्ये शिरल्यावर त्याने कोणाला सलाम केला नाही, सरळ जमिनीवर बसला आणि तुकडे हातात घ्यायला लागला. नखाने रंग खरवडून बघायचा, भिंगातून शिक्का वाचायचा. तीन अक्षरांच्या शिक्क्यावरून कारखाना सांगायचा, भागाच्या लांबलचक नंबरावरून विमानाची जात. एक नळी उचलून म्हणाला, ही जर्मन नाहीच, इंग्रजांची आहे, भंगारवाल्याने वजनाला टाकली. शेठ कसंनुसं हसला.

मग झाकण हातात घेतलं. लखलखीत बाजू बघितली आणि तो थांबला.

"हे कोणी केलं?"

शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. सांगितलं, अडाणी आहे, पण नंबर याने बघितलाय, उद्या सांगेल, आज सगळे दमलेत. उद्या का? आजच विचारलं असतं तर कदाचित ६१४ म्हणून मोकळा झालो असतो. पाठच होतं.

जाताना लांगेने मला जवळ बोलावून हळू इंग्रजीत समजावलं. असलं झाकण हाताने, कानशीने घासून एकाच विमानाला बसवलेलं असतं, दुसऱ्याला बसत नाही. म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी फिटर त्याच्या आत विमानाच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे खडूने लिहून ठेवत. तेवढ्यावरून विमान कळतं, आणि विमान कळलं की आत कोण होते तेही. त्याचा थोरला भाऊ असल्याच एका विमानातून गेला. ते विमान कुठे पडलं, कोणालाच कळलं नाही. त्याच्या विमानाचे आकडे त्याला ठाऊक आहेत. ते त्याने शेठला पत्रात कळवले होते, पण मला मुद्दाम सांगत नाही म्हणाला. लोक म्हाताऱ्या माणसाला खूष करायला बघतात, म्हणाला.

फ्लॅटवर आलो तेव्हा जेवण गेलं नाही. गुंडू म्हणाला, "चाचा, कित्याक घाबरतास? म्हातारो काय खाता काय तुमकां?"

खात नाही रे. खाल्लं असतं तर परवडलं असतं. तो आकडा भंगारवाल्याचा नव्हताच, कुणी बरकतीसाठी लिहिलेला नव्हताच. आणि मी तो समुद्रात सोडून आलो.

२७ फेब्रुवारी

झालं ते लिहून ठेवतो.

शेठ समोर, मी मध्ये, लांगे पेटीवर बसलेला. मी मनात घोकत होतो, सिक्स वन फोर, सिक्स वन फोर, आणि डोळ्यांपुढे लाईबा. एक आकडा बोलला की म्हाताऱ्याला भाऊ मिळतो, शेठला गिऱ्हाईक मिळतं, पोरीला बाप मिळतो. कोणाचं वाईट होतं यात? कोणाचंच नाही. मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

पण म्हातारा बोलायला सांगेना. त्याने खिशातून लाल खडू काढला, झाकण माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, जिथे होतं तिथेच लिही, जसं होतं तसं.

मी खडू टेकवला आणि सवयीने तोंडातून गेलं, बिस्मिल्ला.

आयुष्यात त्याच्याशिवाय एक ओळ लिहिली नाही मी, दुकानाची पावतीसुद्धा. तोंडातून गेलं आणि मग त्याच जागेवर, जिथून तो आकडा मी माझ्या हाताने धुतला, तिथे खोटं लिहायला हात उठेना. शेठ खोकला. माझ्या कानात नुसता आवाज भरला होता. मी सात काढला. आठ काढला. सहा काढला. आणि जसं होतं तसं म्हणाला होता, म्हणून सातच्या पोटातली ती आडवी रेघही काढली.

लांगेने रेघेवर बोट ठेवलं. "ही का काढलीस?"

म्हणालो, "साहेब, कोणीतरी खोडायला बघितलं होतं. तशीच दाखवली."

तो आवाज न करता हसला. माझ्या हातातून खडू घेऊन बाजूला आणखी एक सात काढला, पोटात रेघ असलेला. म्हणाला, आम्ही सगळे सात असाच लिहितो, शाळेपासून. हे तुला कोणी शिकवलेलं नाही. तू बघितलंयस.

मग त्याने झाकण मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली. "माझा भाऊ नव्हे," म्हणाला. एवढंच. म्हातारं माणूस असं बसलं की बघवत नाही. मला वाटलं, देवा, सहा एक चार लिहिलं असतं तर आज हा हसत उठला असता.

शेठने माझ्याकडे बघितलंच नाही. "यल्ला, जाओ," एवढंच.

गेलं सगळं. निकाहही गेला. बाबांच्या मयतीलाही असाच जाऊ शकलो नव्हतो.

२९ फेब्रुवारी

भीती आता पोटात नाही, हाडात आहे. दुकानात दार वाजलं की वाटतं पोलीस.

संध्याकाळी गुंडू आला तो दबक्या आवाजातच. तो लांगेला हॉटेलातून बंगल्यावर घेऊन गेला होता. "चाचा, म्हातारो आणि शेठ खूप वेळ बोलले. इंग्रजी माका खंय कळता? पण म्हातारो सारखो 'पासपोर्ट, पासपोर्ट' करी होतो आणि तुमच्या दुकानाच्या दिशेन बोट दाखयत होतो. शेठ लालबुंद. मगे म्हाताऱ्यान खिशातून पाकीट काढल्यान, आणि शेठ उठान कपाटाकडे गेलो."

मला कळायचं ते कळलं. माझा पासपोर्ट मागून घेतला. त्याच्या वकिलातीत देणार, नाहीतर पोलिसांत. पुरावा धुऊन टाकला म्हणून. ऐतिहासिक वस्तूची नासधूस, असलं काही कलम असतंच. गुंडूला म्हटलं, मला आत घेतलं तर शरीफुन्निसाला तू फोन कर, पण लाईबाला सांगू नको म्हणावं.

गुंडू हसला नाही. याचीच जास्त भीती वाटली.

३ मार्च, रविवार

शेठ दुकानात आला. काउंटरवर पासपोर्ट टाकला, वर दोन महिन्यांच्या रजेचा कागद, वर तिकीट. "जाओ," म्हणाला. "शादी करो." डोळ्याला डोळा दिला नाही.

मी तीनदा आभार मानले. त्याने हात झटकला, माशी वारावी तसा.

काहीच समजत नाही. शेठचं मन मोठं, दुसरं काय. आणि जर्मन तर ठार वेडा. गुंडू सांगतो, ते झाकण त्याने शेवटी विकत घेतलंच, शेठ म्हणेल त्या भावाने. ज्यात आपला भाऊ नाही ते झाकण कोण घेतं? त्याला विमानतळावर सोडताना गुंडूने हातवारे करून विचारलं म्हणे. तर म्हातारा म्हणाला (तिथल्या हमालाने गुंडूला हिंदीत करून सांगितलं), याचीही कोणीतरी वाट बघत असेल. घर शोधून देईन.

मी तर म्हणतो, त्या आकड्याची बरकत. खोटं लिहिलं असतं तर हा दिवस दिसला नसता. पासपोर्ट उशीखाली ठेवलाय, आणि अजून मध्येच उठून चाचपून बघतो.

९ मार्च, शनिवार

उद्या विमान. बॅग भरली. शरीफुन्निसासाठी अत्तर, लाईबासाठी सोन्याचे डूल. विमानतळावर परत बोलावतील का, ही धास्ती आहेच, ती विमान उडेपर्यंत जाणार नाही. माझा स्वभाव.

गुंडूने आज खिशातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. लांगेने माझ्यासाठी दिलं होतं, हा विसरला. गाढव! मागे पेनाने पत्ता लिहिलाय. घर नंबर सत्याहत्तर. दोन्ही सातांच्या पोटात रेघा.

मी गुंडूला विचारलं, "म्हातारा माझ्याबद्दल अजून काय बोलला?"

"काय नाय. तुमचो पासपोर्ट शेठाकडे अडाकलो, चेडवाचा लगीन असा, ह्या मीच त्याका गाडयेत हातवारे करून सांगलेलंय. तो गावलो काय, इतक्याच विचारल्यान. मी म्हटलंय, गावलो. तर माझो हात धरून खूप वेळ हलवल्यान."

मी तिथेच पलंगावर बसलो. गुंडू विचारत होता काय झालं, मी ते कार्ड उलटसुलट करून बघत होतो. मी त्या म्हाताऱ्याला साधं थँक्यू म्हटलं नव्हतं. उलट रात्र रात्र त्याला घाबरत होतो.

मग उठून लाईबाच्या पत्रिकेचा तो नमुना काढला, लांगेला पाठवायला. यातलं एक अक्षर त्याला वाचता येणार नाही. बिस्मिल्ला म्हणून पेन घेतलं आणि माथ्यावर इंग्रजी आकड्यांत छापलेल्या ७८६ मधल्या सातच्या पोटात एक आडवी रेघ काढली.